आप्पासाहेबांच्या यकृताची बदनामी

सदाचारी माणसाची सगळ्यात मोठी अडचण ही, की त्याच्याकडे पुरावा नसतो. दारुड्याला त्यासाठी फार कष्ट पडत नाहीत. तो गटाराशेजारी आडवा झाला की लोकांची खात्री पटते. पण जो जन्मात कधी प्यायलाच नाही, त्यानं न प्यायल्याचं दाखवावं कसं?

आमच्या पडेगावच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना ही चिंता फार वर्षं होती. मी मंडळाचा चिटणीस असल्यानं त्यांच्याविषयी निःपक्षपातीपणे सांगू शकतो, की एवढा थोर माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नाही. दारू तर सोडाच, चहासुद्धा ते आधी हुंगून पितात. शिवाय त्यांनी स्वतःच्या कल्पनेतून 'यकृतबंधू' नावाचा काढा सिद्ध केला आहे. त्यात सत्तावीस वनस्पती आहेत. (पैकी चौदांची नावं आप्पासाहेबांना ठाऊक आहेत. बाकीच्यांची पुरवठादाराला असावीत.) दारू सोडलेल्यांनी यकृत सुधारावं म्हणून घ्यावा, न पिणाऱ्यांनी खबरदारी म्हणून घ्यावा आणि पिणाऱ्यांनी मनाची तयारी होईपर्यंत घ्यावा, असं बाटलीवर छापलेलं आहे. मंडळाच्या पाहणीनुसार काढा घेणाऱ्या दर शंभरांत एकशे तीन जणांना गुण येतो. (तिघांना नुसतं झाकण उघडताच आला.) आप्पासाहेब स्वतः सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी घेतात.

अशात शहरातल्या एका प्रयोगशाळेतून उजमा नावाची संशोधक मुलगी आमच्याकडे आली. दारूनं यकृताचं काय होतं, हे तिला रक्तातल्या अतिसूक्ष्म रेणूंवरून तपासायचं होतं. पिणारी माणसं तिला भरपूर मिळाली होती. तुलनेसाठी कधीच न प्यायलेली माणसं हवी होती आणि ती काही केल्या सापडत नव्हती.

"माझं रक्त घ्या," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी बाही अशी वर केली, की जणू छायाचित्रकार समोर उभा आहे. (होता.)

निकाल तयार झाल्यावर उजमा तो लिफाफ्यातून घेऊन आली. त्या दिवशी आमचा मेळावा होता. फुलंब्री, कन्नडकडून माणसं आली होती, मंडप भरला होता. ती मला हळूच म्हणाली, "सरांशी जरा एकट्यात बोलायचं होतं."

आप्पासाहेबांनी ते ऐकलं. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "माझ्या रक्तात लपवण्यासारखं काही नाही. इथंच वाचा!"

टाळ्या झाल्या. उजमानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे दुसरा माईक सरकवला.

"सर, तुमच्या यकृताला इजा होते आहे," ती म्हणाली.

मंडपात कुजबुज सुरू झाली. आप्पासाहेब मात्र हसले. "मी रोज शंभर जोर मारतो. स्नायू दुखावले की रक्तात असले आकडे वाढतात, मी वाचलंय."

"काही तपासण्यांत वाढतात, सर. म्हणूनच मी हे रेणू बघते." उजमा आता वर्गात शिकवल्यासारखी बोलू लागली. "आपल्या जवळपास सगळ्या पेशींत सूचनांचं तेच एक पुस्तक असतं. पण त्यातल्या कुठल्या सूचना दाबून ठेवायच्या, हे बघणारे छोटे आरएनए अवयवागणिक वेगळे असतात. एक प्रकार यकृतात ढिगानं सापडतो, स्नायूंत अगदी नावाला. स्नायूंत दुसराच ढिगानं असतो. पेशी फुटल्या की ते रक्तात येतात. तुमच्या रक्तात स्नायूंचे रेणू नेहमीइतकेच आहेत. यकृताचे मात्र फार वाढलेत."

पहिल्या रांगेतून कडुबा उठला. फुलंब्रीचा हा गडी पूर्वी अट्टल पिणारा; आमच्या केंद्रात येऊन सुधारला. तो धावत व्यासपीठावर चढला आणि त्यानं आप्पासाहेबांना मिठी मारली. "आप्पासाहेब, तुमी बी? आधी सांगायचं की राव! आपण दोघं संगंच बसलो असतो!"

"दारूच असेल असं नाही!" उजमा घाईनं म्हणाली. "कावीळ असू शकते, एखादं औषध असू शकतं. सर, तुम्ही रोज काही घेता का? एखादा काढा वगैरे?"

आप्पासाहेबांच्या पुढ्यात टेबलावर 'यकृतबंधू'च्या बाटल्यांचा मनोरा रचलेला होता. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. थोर माणसाची बुद्धी संकटात कशी धावते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. काढा वाईट ठरला, तर मंडळ, केंद्र, काढ्याचा कारखाना आणि पुढच्या निवडणुकीतली उमेदवारी असं सगळंच बुडत होतं. माणूस वाईट ठरला, तर फक्त माणूस बुडत होता.

त्यांनी डोळे मिटले. "होय," ते माईकमध्ये म्हणाले, "मी पीत होतो."

मंडप रडला. मीही रडलो. (काढ्याची कन्नड तालुक्यातली एजन्सी माझ्याकडे आहे.)

त्याच संध्याकाळी ते स्वतःच्याच केंद्रात रुग्ण म्हणून दाखल झाले. केंद्राच्या डॉक्टरांचा नियम कडक: दाखल झालेल्याचं बाहेरचं सगळं बंद. मी पिशवीतून नेलेल्या दोन बाटल्या त्यांनी फाटकावरच काढून घेतल्या. आप्पासाहेबांना तिथं वरण-भात आणि साधं पाणी मिळू लागलं. त्यांचा चेहरा उजळला, भूक वाढली. महिन्याभरानं उजमानं पुन्हा रक्त तपासलं, तर यकृताचे रेणू रक्तात पुन्हा नेहमीइतके झाले होते.

"बघा सर, काढा थांबला म्हणून यकृत सावरलं," ती आनंदानं म्हणाली.

"दारू थांबली म्हणून."

"पण सर, तुम्ही दारू पीतच नव्हता!"

आप्पासाहेबांनी दार लोटून घेतलं. "बेटा, हे चारचौघांत बोलू नकोस. माझी बदनामी होईल."

उजमा सामान आवरून गेली. मंडळानं त्यानंतर एकमतानं ठराव केला, की प्रत्येक अवयवानं आपापल्या भानगडी आपापल्या हद्दीत ठेवाव्यात आणि त्या रक्तात आणून सार्वजनिक करू नयेत.

आप्पासाहेबांचं तर नशीबच उघडलं. न प्यायलेल्या माणसाचं भाषण लोक जांभया देत ऐकायचे; पिऊन सुधारलेल्या माणसाला आता गावोगावची बोलावणी येऊ लागली. दारूनं पोखरलेलं यकृत काढ्यानं कसं जोडलं, ते सांगायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर अर्धी वाटी प्यायची, असा कार्यक्रम ठरला. खप इतका वाढला, की सत्ताविसांपैकी नऊ वनस्पती बाजारात मिळेनात. (त्यांच्याविना चव सुधारली.)

आप्पासाहेबांनी पिऊन घरी कसा छळ केला, हे सांगायला त्यांच्या पत्नी गोजरबाईंनाही व्यासपीठावर बसवावं, असं मी सुचवलं. तसा मी त्यांच्याकडे गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडाला वास आला नाय," त्या म्हणाल्या. "काय सांगू मी लोकायला?"

"समाजकार्य आहे, वहिनी. थोडं खोटं बोलावं लागतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "भाऊजी, दारू पीत असते ना, तर तुमच्या त्या केंद्रात सुटली तरी असती. ही बाटली कोण सोडवायचं?"

बाई अशिक्षित आहेत, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

सध्या आप्पासाहेबांचे दौरे जोरात आहेत. भूक पुन्हा मंदावली आहे, डोळ्यांत थोडी पिवळसर झाक दिसते. छायाचित्रकाराला मी फोटो कृष्णधवल काढायला सांगितलं आहे. उजमानं वर्तमानपत्रात एक लेख लिहिला, त्याच पानावर आमची जाहिरात होती. लेख कुणी वाचला नाही.

हे वाचताना तुम्हाला हसू आलं असेल, लोक किती भोळे असतात असंही वाटलं असेल. मधेच उठून तुम्ही फ्रिजच्या दारातली आपली बाटली पाहून आला असाल आणि तिच्यावर 'यकृतबंधू' लिहिलेलं नाही म्हणून निर्धास्त झाला असाल. बरोबर आहे. तुमची कंपनी वेगळी आहे. आमची गिऱ्हाइकंही हेच सांगतात.