कारखान्याच्या पिशवीत नीरो

सोमवारी सकाळी गौरेश परसात गेला, तर पिशवी गाभण म्हशीसारखी फुगून पडवीच्या खांबाला टेकली होती.

पिशवी डिचोलीच्या औषध कारखान्यातली. तिथं जिवंत पेशी वाढवून औषध करतात. प्रत्येक खेपेला नवी, निर्जंतुक पिशवी लावायची आणि काम झालं की टाकून द्यायची. तिच्या नळ्या जोडायचं काम गौरेशचं. पण शिकवणारे किरणसर पाठीशी उभे राहून "लवकर, लवकर ओ!" म्हणू लागले की त्याच्या बोटांना कापरं भरे आणि जोड गळे. आज शेवटची परीक्षा होती. जोड टिकला तर पर्मनंट, गळला तर घरी. म्हणून त्यानं सरांकडून सरावाची पिशवी मागून घरी, लाटंबार्शाला आणली होती.

"आये, हिच्यात काय घातलंस?"

"नीरो," पद्मावती म्हणाली. काजूच्या बोंडांचा तो गोड रस तिच्या कोपरापर्यंत माखला होता. "पिंप फुटलां. ही बापडी रिकामीच पडलेली."

"अगे, पण चिमटो घट्ट लावलंस! नीरो आंबलो, वारो जातलो खंय?"

"तूच सांगलंस, चिमटो उघडो ठेवूचो नाय म्हणून. आता आवशीकच बोल!"

तेवढ्यात गौरेशला आणि पिशवीला न्यायला किरणसर मोटरसायकलवरून आले. बेळगावकडचा माणूस, घाईतच जन्मलेला.

"काय ओ, पिशवी हाय की हत्तीचं पिल्लू? सरका बाजूला. दाब हळूच सोडायचा असतोय. ट्रेनिंग घेतलंय मी."

त्यांनी चिमटा सोडला. नीरोनं ट्रेनिंग घेतलं नव्हतं. आंबूस फवारा उसळला तो थेट सरांच्या मिशीवर, तिथून शर्टावर, तिथून बुटांत.

"अरे देवा," पद्मावती कळवळली, "सगळो नीरो गेलो!"

विहिरीचं पाणी झालं, साबण झाला, गौरेशचा धुतलेला शर्ट झाला. वास मात्र हट्टी पाहुण्यासारखा मुक्कामाला राहिला.

कारखान्याच्या फाटकावर भिकाजी वॉचमननं नाक वर केलं. "सर, सकाळीच?"

"अहो, थेंब घेतला नाही मी!"

"सगळे तशेच सांगतत."

मॅनेजरनं निवाडा दिला: असा आंबूस वास घेऊन किरणसर निर्जंतुक खोलीत जाणार नाहीत, काचेबाहेर उभे राहतील. पेशी तर तयार होत्या, त्यांना ताटकळत ठेवून चालणार नव्हतं. नळ्या गौरेशनं एकट्यानं जोडायच्या आणि तीच परीक्षा धरायची.

गौरेशनं हात कोपरापर्यंत धुतले. पांढरे कपडे चढवून तो आत गेला, जाड दार मागे मिटलं. पहाटेच्या देवळात असते तशी शांतता होती. काचेपलीकडे सरांचे ओठ भराभर हलत होते, मूठ काचेवर आपटत होती. आत एक अक्षरही येत नव्हतं. गौरेशनं पाठ फिरवली. आये अबोलीच्या फुलांची फाती गुंफते तशा त्यानं सावकाश नळ्या जोडल्या, एकेक चिमटा लावला आणि गळती तपासायला नव्या पिशवीत हवा भरली.

दाबाचा काटा वर चढला आणि थांबला. गौरेश श्वास धरून बघत राहिला. काटा हलला नाही. जोड टिकला होता.

तो बाहेर आला तेव्हा किरणसरांचा घसा पार बसला होता.

"बघा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी एकसारखा सांगत होतो, म्हणून जमलं की ओ!"

"होय सर," पर्मनंट झालेला गौरेश म्हणाला, "तुमी नसतात, तर कसां जमणार?"