युसुफचाचांची गाठ

युसुफचाचा होडेकर मशिदीबाहेर चपला काढायचे, तेव्हा दोन्ही चपला सुतळीने एकमेकींना बांधून ठेवायचे. साधीसुधी गाठ नव्हे. त्यांचे वडील जयगडच्या गलबतांवर तांडेल होते, त्यांनी आपल्या दोन मुलांना शिकवलेली गाठ. बाहेरच्याने ओढली की ती आणखी आवळते आणि सोडायची कुठून ते फक्त घरच्याला कळतं. "चाचा, अल्लाच्या दारात चपला कोण चोरणार?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू का इचारतोस?"

झालं! पुढे आठवडाभर मी त्यांच्या नजरेत चपलाचोर.

ही साठीच्या दशकातली दुबई. देरा भागात खाडीकाठच्या एका बोळात मी बोटीची आणि विमानाची तिकिटं विकणाऱ्या कचेरीत कारकून होतो. शेजारच्या गुदामाची राखण चाचांकडे होती. गुदामावरच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो, त्यामुळे त्यांचा संशय मला चोवीस तास उपलब्ध असे. गाढवावरून पाणी आणणारा दिसला की हे आधी त्याला घोटभर प्यायला लावायचे. बर्फवाल्याची लादी उन्हात धरून तिच्यातून आरपार बघायचे. रेडिओवर बातम्या लागल्या की म्हणायचे, "बोलणारा दिसत नाय. मग खरा कशावरून?" आणि या सगळ्यावर एकच शिक्कामोर्तब: "यात गोम हाय, सावंता."

जगात ज्याच्यावर त्यांचा विश्वास होता असा माणूस एकच, धाकटा भाऊ कासम. तरुणपणी तो विलायती बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि पार त्रिनिदादला उतरला तो उतरलाच. तिथेच लग्न केलं, मुलगी झाली, बायको गेली. चाचांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी कासमचं इंग्रजी पत्र यायचं. चाचांना इंग्रजी येत नसे, म्हणून मी ते मराठीत वाचून दाखवायचो. बोटीवर शिकलेलं कासमचं अक्षर म्हणजे वादळात सापडलेली होडी. एकेक ओळ कागदाबाहेर जायला बघायची.

चार वर्षांपूर्वी ते अक्षर बदललं. गोल, नीटस, शाळेत गिरवलेलं. खाली सही मात्र 'तुमचा कासम'. हे कासमने लिहिलेलं नव्हतं. पण बोलायचं कसं? म्हातारा पत्राच्या दिवशी दाढी करून बसायचा हो! मी ते कासमचंच म्हणून वाचून दाखवलं. पत्रंही आखूड होत गेली, चारचार ओळींची. मग मी आपल्या पदरची भर घालू लागलो. कासमला जयगडच्या सुक्या बोंबलाची आठवण येते, कासमचा गुडघा दुखतो, कासम तुम्हाला स्वप्नात बघतो. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, फक्त चाचांच्या डोळ्यांकडे बघणं टाळायचो.

आणि एक दिवस जाड पाकीट आलं. आत विमानाचं तिकीट. मुलगी मरियमचा निकाह ठरला होता. महिनाभर राहायला या, समुद्र बघा, आराम करा. शेवटी लिहिलं होतं, 'तुम्ही आल्याशिवाय निकाह होणार नाही.' केवढी माया, असं मला वाटलं. चाचा मात्र दगडासारखे बसले.

"शेवटची ओळ परत वाच."

तीनदा वाचायला लावली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यात गोम हाय."

मी समजलो, फुकटच्या तिकिटावर संशय आहे. आणि ते तिकीट तरी कसलं! दुबईहून बहारीन, तिथून लंडन, लंडनहून बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानाने त्रिनिदाद. चार पानांची पुस्तिका. प्रत्येक विमानतळावर त्यातलं एक पान फाडून घेतात, असं मी समजावलं.

"फाडतात? मग माझ्या हातात काय उरलं? पुठ्ठा?"

"परतीची पानं वेगळी आहेत, चाचा."

"आन त्या बाबाने दोन फाडली तर?"

"आणि सामानाच्या पेटीचीही काळजी नको. ती इथून दिली की थेट त्रिनिदादला मिळते."

इथे चाचा उठून उभे राहिले. "माणूस तीनदा उतरणार, आन पेटी उतरणार नाय? ती काय राणी हाय? खलास. पेटी माझ्यासंगती उतरेल." मी कपाळाला हात लावला. शुक्रवारी निकाह. एक विमान चुकलं तर तिकडे मांडव घालून सगळे बसणार आणि आमची स्वारी बहारीनच्या बाकावर पेटीला मिठी मारून! हे मी ओरडूनच सांगितलं. ते शांतपणे पेटीवर काथ्याची दोरी आवळत होते. सात आडवे फेरे, सात उभे, आणि मधोमध ती गाठ.

विमानतळावर जाताना मी त्यांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. 'या गृहस्थांना इंग्रजी येत नाही, कृपया पुढच्या विमानात बसवावे.' त्यांनी ती लगेच बाहेर काढली आणि तिथल्या एका पठाण ड्रायव्हरकडून वाचून घेऊन मी खरोखर तेच लिहिलंय याची खात्री केली.

दीड महिन्याने परतले. मी खाडीवरून ताजी सुरमई आणून आमटी केली होती. आधी त्यांनी मला एक घास खायला लावला, मग आपण जेवले आणि प्रवासाची हकिगत सुरू झाली.

बहारीनला तिकिटाचं पान फाडणाऱ्याचा हात त्यांनी धरून ठेवला. एकच पान फाटलं हे बघेपर्यंत सोडला नाही, मागे रांग खोळंबली. लंडनला पेटी उतरवून घेतली आणि तिच्यावर बसून राहिले. मनगटावर दुबईचं घड्याळ. काटे फिरवायचे नाहीत, कारण "तिथली भिंतीवरची घड्याळं त्यांच्याच लोकांनी लावलेली." विमान अकराचं आणि चाचांच्या घड्याळात दोन वाजून गेलेले! आपल्याला टाकून विमान उडालं म्हणून त्यांनी असा आरडाओरडा केला की झाडलोट करणारी एक पंजाबी बाई धावत आली. "चाचाजी, यहाँ अभी दस बजे हैं," ती म्हणाली.

"मग तुम्ही ऐकलंत?" मी विचारलं.

"नाय. ती बिचारी पेटीच ढकलत घेऊन गेली. मी पेटीच्या मागं गेलो."

तर असे पेटीच्या मागे मागे युसुफचाचा गुरुवारी संध्याकाळी त्रिनिदादला पोचले. तिथल्या जकातीच्या अंमलदाराला पेटी उघडून बघायची होती. तो दोरी ओढी, गाठ आणखी आवळे. घामाघूम झाला. चाचांनी हाताची घडी घातली. शेवटी त्याने सुरी मागवली.

"तेवढ्यात कठड्याच्या पलीकडून एक पोर शिरली आत. सावळी, उंच. कोणाला इचारलं नाय, काय नाय. खाली बसली, दोन बोटं घातली, आन गाठ सुटली."

चाचांनी पाण्याचा घोट घेतला.

"तवा कळलं, ही कासमची."

मी विचारलं, "आणि कासमभाई?"

"मातीत. चार वर्सं झाली. कबरीवर फुलं बी लावलीत पोरीने."

मान खाली घालून मी म्हणालो, "चाचा, तुम्हाला इथून निघताना..."

"ठाव होतं. अरे, बाप जित्ता असता तर चाच्यावाचून निकाह अडेल काय? बाप नसला तर चाच्याने वली म्हणून बापाच्या जागी बसायचं, पोर द्यायची. ती ओळ तू तीनदा वाचलीस, तीनदा मेला कासम माझा." "पोचलो म्हणून बरं. नायतर पोर कोणाच्या तोंडाकडे बघत बसली असती?"

"म्हणजे तेव्हाच कळलं होतं..."

"त्याच्या लय आधी. मना इंग्रजी वाचता येत नाय, सावंता. पन अक्षर दिसतं."

चार वर्षं! ज्या माणसाने बर्फावर विश्वास ठेवला नाही, तो चार वर्षं दाढी करून माझ्यासमोर बसत होता.

"मग विचारलं का नाहीत? मला, तिला, कोणाला तरी?"

"इचारलं असतं, तर तिने खरं सांगितलं असतं. मग पत्र कोणाचं आलं असतं?"

हात धुऊन त्यांनी फळीवरचं एक पाकीट उचलून फोडलं. चाचा घरी पोचायच्या आत मरियमचं पत्र टपालाने येऊन पडलं होतं. तेच गोल अक्षर. खाली या वेळी सही तिच्या स्वतःच्या नावाची. चाचांनी ते उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाच. आन एक सांगतो. कागदावर चार ओळी असायच्या, आन तू धा मिंटं वाचायचास. ती गोम बी मना ठाव होती."

मी पत्र तसंच धरून बसलो.

"बघत काय बसलास? यल्ला, वाच," चाचा भिंतीला पाठ टेकून डोळे मिटत म्हणाले. "पयल्यासारखंच वाच."

पत्रात चारच ओळी होत्या. मी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.