पित्राला बसणारे आप्पा

आमच्या आप्पांना पितर म्हणून जेवायला बसवलं, की ते खरोखरच मेलेल्या माणसासारखे वागतात. म्हणजे गप्प पडून राहतात असं नाही. उलट.

आमच्याकडं शिरूर तालुक्यात पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या जागी भावकीतलं कुणीतरी पाटावर बसवतात. पाय धुतात, गंध लावतात, खीर-वडे वाढतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. बाकीचे लोक ढेकर देऊन घरी जातात. आप्पा मात्र गेलेल्याचा चार्जच घेतात.

"कढीला मीठ कमी हाय. मी गेलो म्हून हात आखडला व्हय? आन् बांध कुणी कोरला? वरून समदं दिसतं!" बांध कोरणारा शेजारच्याच पानावर ठसकत असतो.

आप्पा माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मळ्यातल्या खोलीत एकटेच राहतात.

गेल्या साली पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या चेअरमनकडं ते त्यांच्या वडिलांच्या जागी बसले. नवा बंगला, फरशी आरशासारखी. आप्पांनी घास उचलला आणि परत ठेवला.

"माझी बायकू कुठं हाय?"

चेअरमन हसले. "आप्पा, जेवा की आता."

"आप्पा कोण? मी बाप हाय तुझा. आई कुठंय तुझी?"

आई गोठ्याशेजारच्या खोलीत होती. फरशीवरून घसरतील म्हणून तिकडं ठेवलंय, असं सून म्हणाली.

"मी बंगल्यात खीर खाऊ आन् ती म्हशींपाशी?" आप्पा पत्रावळ उचलून थेट गोठ्याकडं निघाले. पितर जेवल्याशिवाय कुणाला जेवता येईना. अख्खी भावकी गार होणारी भजी बघत बसली. म्हातारीनं पदर सावरला आणि म्हणाली, "जित्तेपणी कवा शेजारी बसला न्हाईत. मेल्यावर तरी सुचलं!"

म्हातारीची खाट दुसऱ्या दिवशी बंगल्यात आली. पण चेअरमननी निरोप फिरवला: आप्पाला कुणी बसवायचं नाही. यंदा पंधरवडा सरत आला, तरी आप्पांना एकही बोलावणं नाही.

आजोबांचं पित्र आलं तसे आमचे दादा, म्हणजे माझे वडीलही, चाचरले. "चेअरमनशी रोजचं काम पडतं, बाई."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. वाद घालायला ती आजच्याइतकी कधी उपयोगी पडली नव्हती. "दादा, आजोबा काय चेअरमनला इचारून जेवायचे?" मी म्हणाले, आणि स्कूटीवरून आप्पांना घेऊन आले.

आप्पा पाटावर बसले. कुणाला काही बोलले नाहीत. मान खाली घालून जेवत होते. तेवढ्यात धाकट्या चुलत्यांना चेव आला.

"आप्पा, दुसऱ्यांचं लई केलं. तुमच्या पित्राला कोण बसायचं?"

आप्पांनी खिरीतून हात काढून घेतला.

"मी बसणार," मी म्हणाले.

"पोरगी बसती व्हय कुठं?"

"बसल्यावर बघा."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज पितराचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता.

"बस, पोरी. पर बोलशील कुणाला? माझ्या घरात कुणीच नसंल. तू आपली पोटभर जेव."