मान हलवण्याचे गुण

पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार-खिडकीवरचा कारकून ‘आस्थेने ऐकणे’ या विषयाचं प्रशिक्षण घेऊन परतला, आणि लगोलग वरून आदेश निघाला: शिकलेलं कामात किती उतरलं, ते मोजावे. आता आस्था काही फूटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून समितीने सर्वानुमते ठरवलं, की ऐकताना कारकुनाची मान किती वेळा हलते ते मोजायचं. गुण कमी पडले, तर नोकरी कायम होणार नाही.

पहिल्याच दिवशी खिडकीशी एक आजी आल्या. हातात रिकामी बादली.

“बाळा, आठवडा झाला, नळाला थेंब नाही. आमचे हे अंथरुणाला खिळलेत. त्यांचं अंग पुसायचं तरी कशाने?”

प्रशिक्षण बिचाऱ्याने मनावर घेतलं होतं! तो तडक उठला, आत गेला आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला हाताला धरून घेऊन आला.

मान मोजायला शेजारी बसलेल्या निरीक्षक बाईंनी शून्य गुण दिले.

“अहो बाई, मी आजींचंच काम करायला गेलो होतो!”

“तेच तर! खुर्ची सोडलीत, मान दिसेनाशी झाली. प्रशिक्षण उतरलेलं नाही.”

पाणी सोडणाऱ्यालाही परत पाठवण्यात आलं. त्याचं प्रशिक्षण अजून व्हायचं होतं.

घरी बायकोने कपाळावर हात मारला. “नसती उठाठेव कोणी सांगितली होती? कायम व्हायचंय ना? मग गप बसा आणि मान हलवा.”

आजी पुन्हा आल्या, तेव्हा त्याने मान हलवली. त्यानंतर आल्या, तेव्हा डोळे किंचित ओले करून हलवली. त्याचे जादा गुण मिळाले. आजीसुद्धा रांगेतल्यांना सांगू लागल्या, “पाणी नाही, पण पोरगा ऐकतो हो आपलेपणाने!”

मग एकदा त्या बादली न घेताच आल्या.

“आता नको पाणी, बाळा. हे गेले.”

कारकून उठणार, एवढ्यात बाईंनी पेन उचललं. तो खाली बसला आणि सावकाश, खोलवर मान हलवली. कार्यालयाच्या इतिहासात तशी मान कोणी हलवली नव्हती. तो कायम झाला. हल्ली तो इतरांना शिकवतो.

वाईट वाटलं ना? आत्ता वाचताना तुमचीही मान हलली, आम्ही पाहिलं. पूर्ण गुण. फक्त कृपा करून खुर्चीवरून उठू नका.