मास्टर सॅम्पल

जळगावच्या मे महिन्यात, भर दुपारी खिडक्या लावून आणि पंखा बंद करून बसणारा माणूस एक तर तपस्वी असतो, नाही तर आमचे शेजारी नाना. पंख्याच्या घरघरीत गायिकेचा श्वास ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार.

नाना प्लॅस्टिक पाइपच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथल्या कपाटात एक निर्दोष पाइप जपून ठेवलेला असे, मास्टर सॅम्पल. दिवसभर नवा माल त्याच्याशी ताडून पाहायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढीच नोकरी. निवृत्तीनंतर पाइप सुटले, ताडणं काही सुटलं नाही. आता ते एका जपानी गायिकेचं एकच गाणं तपासतात. जगात कोणी कोणी ते पुन्हा गायलंय, हे मोबाइलवर हुडकायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि वहीत शेरा मारायचा. जपानीचा त्यांना गंध नाही.

मीही निवृत्त, बँकेतला, दुसऱ्याच्या कागदावर सही करायची सवय असलेला, म्हणून साक्षीला मी. मानेवरून घाम ओघळत असतो आणि कुठली तरी परदेशी मुलगी जीव ओतून गात असते. तिसरी ओळ अर्ध्यावर आली की नानांचं बोट वर होतं आणि अहिराणीत निकाल येतो.

"बठ्ठं बरोबर शे, भाऊ. पन आठे श्वास नही. रिजेक्ट."

तीन वर्षांत एकही पास नाही. शेवटी मी वैतागलो आणि काही न सांगता माझ्या मोबाइलवर मूळ गाणंच लावलं, खुद्द त्या गायिकेचं. तिसरी ओळ बाईंनी एका दमात पार केली.

"रिजेक्ट," नाना म्हणाले.

"नाना, अहो, हे मूळ आहे."

"माहीत शे. पन मास्टर सॅम्पल हाई नही."

"मग कुठलं?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरने जाताना एक कॅसेट दिली होती. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्यातलं हे गाणं उचललं. भाकरी थापताना रोज गायच्या. त्यांना दमा होता. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर दम संपायचा, त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुढे गायच्या.

"रेकॉर्ड कधी करंच नही," नाना म्हणाले. "घरमाच शे, कोठे जाई, असं वाटे."

अक्का गेल्या त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस जगभरात त्याच जागी दम संपणारी बाई शोधत होता. मला फार वाईट वाटलं, आणि दर दुपारी मनातल्या मनात त्यांना हसलो होतो त्याची लाजही वाटली.

नानांनी माझा मोबाइल घेतला आणि गाणं पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, अक्का थांबायच्या तिथेच, त्यांनी ते थांबवलं. खोलीत आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं. नानांचे ओठ घट्ट मिटलेले, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. क्षणभराने त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि गाणं पुढे निघालं.

"आयकू उनं का?" त्यांनी विचारलं. नकाराची सवय झालेल्या माणसासारखं, खाली बघत.

त्यांचं मन राखायला खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती. खोटं बोलावं लागलं नाही.