सातवी पाहुणी

त्या रविवारी मी वेळेवर खाली बसलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झालं असं, की सरोवरावर मोठं वादळ झालं आणि काठावरच्या कोळ्यांच्या घरांची छपरं उडून गेली. ती माणसं आमच्या चर्चच्या आवारात येऊन उतरली. रेव्हरंड क्येयुने यांनी प्रवचन आखडतं घेतलं (ही गोष्ट आमच्या गावात वादळाहून दुर्मीळ) आणि सरळ सांगितलं, की ज्यांच्या घरी एक माणूस निजवण्यापुरती जागा असेल त्यांनी उभं राहावं आणि पाहुणा मिळाला की बसावं.

मी उभा राहिलो. एरवी चर्चमध्ये मी फक्त गाण्याला उभा राहतो, आणि तेव्हाही नुसते ओठ हलवतो. पण मला वाटलं, आपली शाळा सहावीत सुटली, आपण सायकली दुरुस्त करतो, चार लोकांत आपल्याला बोलता येत नाही. ठीक आहे. पण एका माणसाला जेवू घालायला बोलावं कुठे लागतं?

मला झाकारिया नावाचे एक म्हातारे आजोबा मिळाले. मी बसणार, एवढ्यात त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली. माझ्यापासून सुरुवात करून ते माझ्या बापजाद्यांवर गेले, तिथून माझ्या न जन्मलेल्या नातवंडांवर. कुणी आपल्यासाठी प्रार्थना करत असताना मध्येच खाली कसं बसायचं? तिकडे चर्चच्या कारभाऱ्याला वाटलं, हा अजून उभाच आहे म्हणजे याला अजून पाहुणे हवेत. त्याने एक विधवा आणि तिची दोन मुलं धाडली. आजोबा नातवंडांपर्यंत पोचतात तोवर दोन कोळी भाऊ धाडले. 'आमेन' झालं तेव्हा माझ्यामागे सहा माणसं ओळीनं उभी होती आणि अख्खं चर्च माझ्याकडे कौतुकानं बघत होतं. रेव्हरंड म्हणाले, "बघा, हे खरं ख्रिस्ती मन." त्यानंतर "एकच हवा होता" असं सांगण्याची छाती माझ्यात नव्हती. (ती एरवीही नसते.)

आता घरची परिस्थिती सांगितली पाहिजे. आमची मुलगी जेमतेम महिन्याची होती आणि तिला बघायला माझ्या सासूबाई मंगळवारी पहिल्यांदाच आमच्याकडे यायच्या होत्या. सासूबाई मसाका शहराजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा सोडलेल्या मुलांबद्दल त्यांचं एक मत आहे आणि त्यांतल्याच एकाला मुलगी द्यावी लागल्यापासून ते जास्तच पक्कं झालंय. त्यांनी निरोप धाडला होता, की माझ्या लेकीच्या घरात काही कमी दिसलं तर मी तिला आणि बाळाला सरळ घेऊन येईन. जावई संसार करायला शिकला की बघू. आणि त्या बोलतात ते करतात. म्हणून माझ्या बायकोनं, नासुनानं, आईसाठी एक जाडजूड कोंबडा, केळ्यांचा घड, शेंगदाणे, साखर आणि एक नवी कोरी चटई राखून ठेवली होती.

आमच्यात जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत. एका छपराखाली निजत नाहीत, आणि स्पर्श तर नाहीच नाही. स्पर्श झाला की जन्माचं हातांना कापरं भरतं म्हणतात. रेव्हरंड म्हणतात, हे सगळं खूळ आहे. (पण त्यांच्या सासूबाई आल्या की ते नेमके लांबच्या चर्चांच्या दौऱ्यावर असतात.) त्यामुळे लग्न होऊन वर्ष उलटलं तरी मी सासूबाईंचे फक्त काळे चकचकीत बूट पाहिले होते. लग्नात त्या डोक्यावरून कापड ओढून बसल्या होत्या आणि मी मान खाली घालून. तोंड दोघांनीही एकमेकांचं पाहिलं नव्हतं.

सहा माणसं घेऊन मी अंगणात शिरलो. नासुनानं सगळ्यांना गुडघे टेकून नमस्कार केला, ख्यालीखुशाली विचारली आणि मग मला बाजूला घेतलं.

"अहो, एक आणायचा होता ना?"

"प्रार्थना लांबली," मी म्हणालो.

तिनं विधवेच्या धाकट्या पोराकडे बघितलं. ते पोर कोंबड्याकडे बघत होतं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि चुलीवर पाणी चढवलं. कोंबडा कापायचं तिनंच ठरवलं, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. पिसं काढताना ती हसत होती. म्हणाली, आई विचारेल कोंबडा कुठे गेला, मी म्हणेन पाहुण्यांनी खाल्ला, ती म्हणेल मग मी कोण आहे? मग तिनं हसणं थांबवून पिसं गोळा केली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "ती खरंच घेऊन जाईल हो मला."

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मंगळवारी सगळं असं चोख करतो की तुझी आई बघतच राहील.

आणि खरंच चोख केलं. शेजारच्या वास्वाला चांगली सायकल दिली, मागच्या सीटवर उशी बांधली, हातात छत्री दिली आणि दुपारीच टॅक्सीच्या थांब्यावर उभं केलं. सासूबाई उतरल्या की त्यांना अलगद आणायचं. मी समोर यायचंच नाही. माझी निजायची सोय माझ्या सायकलच्या दुकानात होणार होती, पण तिथे ते दोघे कोळी भाऊ होते. म्हटलं, बघू. मग मी जुनी सायकल काढून पुलापलीकडच्या गिरणीवर कसाव्याच्या कंदांचं पीठ आणायला गेलो, कारण केळ्यांचा घडही संपला होता.

परत येताना पावसानं झोडपलं. मी डोक्यावर रिकामं पोतं ओढलं. पुलाजवळ एक बाई गाठोड्यावर बसलेली दिसली. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, कपडे चिंब. मला वाटलं, ही सरोवरावरचीच, मागे राहिलेली. एवीतेवी सहा आहेतच, सातवी जड नाही. मी सायकल थांबवली.

"मावशी, कुणाची वाट बघताय?"

"जावयाच्या अकलेची," ती म्हणाली. "सकाळपासून आलेली नाही."

तिनं सांगितलं, की लेकीकडे निघालेय, टॅक्सी वाटेत बिघडली, कॉफीच्या ट्रकनं इथवर आणून सोडलं. जावई माणूस पाठवणार होता, पण त्याचा पत्ता नाही. माझ्या मनात आलं, हिची लेक त्या लोकांबरोबरच गावात कुणाकडे उतरली असेल. आधी हिला चहा पाजू, मग शोधू. मी म्हटलं, माझ्या घरी चला, बायको चूल पेटवून बसलीय. ती माझ्याकडे जरा बघत राहिली, मग उठली. मी तिला मागच्या सीटवर बसवलं, पिठाचं पोतं तिच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "घट्ट धरा, रस्ता वाईट आहे." तिनं माझ्या कमरेला मिठी मारली.

चढावर दम लागला तरी मी बोलत राहिलो. (अनोळखी माणसांशी, आणि तेही पाठीमागे बसलेल्या, मला बरं बोलता येतं.)

"काय करतात जावई?"

"काहीतरी खुडबुड करतो. शाळा अर्ध्यात टाकलेली. माझी लेक चांगली शिकलेली, आणि गाठ कुणाशी पडली बघ."

"असल्यांना मुलगी द्यायचीच कशाला, मावशी?"

"हेच मी नवऱ्याला म्हटलं होतं."

"माणूस पाठवतो म्हणायचं आणि पाठवायचा नाही. लाज वाटायला हवी. आज माझ्याही सासूबाई यायच्यात. त्यांच्यासाठी मी दुपारपासून माणूस उभा करून ठेवलाय. छत्री देऊन."

पाठीमागून मोठा सुस्कारा आला. "नशीबवान बाई आहे. जावई असावा तर असा. नाव काय रे तुझं, बाळा?"

मला रेव्हरंडांचं सांगणं आठवलं, की दान करताना स्वतःचा डंका पिटू नये. म्हटलं, "नावाचं काय, मावशी." हे ऐकून तिनं माझ्या पाठीवर मायेनं थोपटलं. मला इतकं बरं वाटलं, की मी त्या जावयाला आणखी दोन शिव्या दिल्या. तिनंही दोन जोडल्या.

वळणावर आलो. अंगणात नासुना बाळाला घेऊन उभी होती.

"हे माझं घर," मी म्हणालो.

"ही माझी लेक," ती म्हणाली.

दोन्ही वाक्यं एकदमच बाहेर पडली आणि दुर्दैवानं दोन्ही खरी होती. नासुनानं तोंडावर हात ठेवला. माझे हात हँडलवर थरथरायला लागले. सायकल केळीच्या आळ्यात शिरली, त्यात मी, माझ्यावर सासूबाई आणि आम्हा दोघांवर पिठाचं पोतं. सावरल्यावर त्यांनी ओलं कापड तोंडावरून ओढून घेतलं, मी माझं पोतं ओढून घेतलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाठ करून बराच वेळ चिखलात बसून राहिलो.

मग त्यांना आत नेलं आणि मी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकून बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. सासूबाईंनी घर बघितलं. नव्या चटईवर विधवेचं पोर झोपलेलं. कोंबडा नाही, घड नाही, साखरेचा डबा रिकामा. नासुनानं काही लपवलं नाही, अगदी प्रार्थनेपासून सगळं सांगितलं. मी भिंतीमागे बसून नासुनाच्या पेटीत काय काय भरावं लागेल याचा विचार करत होतो. बाळाची दुपटी अजून वाळायची होती.

थोड्या वेळानं त्यांनी झाकारिया आजोबांना बोलावलं आणि मध्यस्थ म्हणून दारात बसवलं. तिघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं, पण रीत ती रीत.

"त्याला विचारा, मला कोण समजून उचललं."

आजोबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "सरोवरावरची. छप्पर उडालेली."

"आणि जावयाबद्दल जे बोलला, ते?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण भिंतीपलीकडे सहा पाहुणे मला ख्रिस्ती मनाचा माणूस समजून बसले होते. "मनापासून, म्हणावं."

आजोबांनी निरोप आत पोचवला. मग काहीतरी आवाज आला. मला वाटलं नासुना रडतेय. पण ती हसत होती, आणि तिच्याहून मोठ्यानं आणखी कुणीतरी.

"त्याला सांगा," सासूबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मी लेकीला न्यायला आले होते. पण रस्त्यावरची भिजलेली बाई जो उचलून घरी आणतो, त्याच्या घरातून लेक नेली तर शाळेत मुलांना काय तोंड दाखवू? नासुना इथेच राहील."

मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. पुरते मानून व्हायच्या आतच पुढचा निरोप आला.

"आणि मीही. एवढी माणसं आणि चुलीशी एकटी बाळंतीण. सरोवरावरची छपरं उभी होईपर्यंत मी हलत नाही."

झाकारिया आजोबांनी हे मला फार आनंदानं कळवलं आणि लगेच सासूबाईंसाठी प्रार्थना सुरू केली. माझ्या हातांचं कापरं अजून गेलं नव्हतं. नासुना म्हणाली, ते भुकेनं.

असेल. पण निजायचं कुठे, हा प्रश्न उरलाच. घरात सासूबाई, दुकानात कोळी भाऊ. वास्वा थांब्यावरून भिजून परतला होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी दिवेलागणीला फाटकी चटई खांद्यावर टाकून मी चर्चच्या ओसरीवर गेलो. तिथे रेव्हरंडांच्या म्हाताऱ्या आई बसल्या होत्या. त्या नुकत्याच मुलाकडे राहायला आलेल्या, नजर अधू, कुणाला ओळखत नव्हत्या.

"बाळा, तुझंही छप्पर उडालं का रे?"

मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणालो, "हो."

त्या हळहळल्या. मला त्यांनी शेजारीच असलेल्या आपल्या घराच्या पडवीत नेलं आणि उकडून कुस्करलेल्या केळ्यांचा गरम गोळा आणि शेंगदाण्याचं कालवण पुढे ठेवलं. मी जेवत असताना त्यांनी आत डोकावून मुलाला सांगितलं, की बाहेर एक बिचारा पोरगा आलाय, अंगावर नुसतं पीठ आणि चिखल. तो सायकलवाला मोठ्या मनाचा आहे म्हणतात ना, त्याच्याकडे पाठव याला.

आतून रेव्हरंडांचा आवाज आला.

"तिथे नको, आई. त्याच्या घरात आता एकही माणूस मावायचा नाही."