कनकाबाईंच्या टाचा आणि लेडी कावेरीचे खूर

कनकाबाईंच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. तंजावरकडच्या मराठी घरात या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. नवरात्रात कोलू मांडायचा, म्हणजे पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या बसवायच्या, ओळखीच्या सुवासिनींना बोलवायचं आणि त्यांच्या पायांना हळद लावायची. हळद लावणारी बाई खाली बसते, समोरचीचा पाय हातात घेते, आणि मग काही लपत नाही. गळ्यातलं एखाद्या दिवसापुरतं उसनं आणता येतं, टाचा कुठून आणणार?

"मागल्या वर्षीं शेजारच्या महालक्ष्मीनें तिच्या कोलूंत माझा पाय धरला," कनकाबाई म्हणाल्या, "आणिक चारचौघींत म्हणाली, 'अय्यो कनका, हा पाय कीं उन्हाळ्यांतलें तळें?' मज मेल्याहून मेल्यासारखें झालें."

"व्हॅसलिन लाव," राघोत्तमराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"सगळें लावून झालें. तुमच्या त्या घोडीस मात्र रोज मलम! तिच्या खुरांस एक चीर नाहीं. लग्न तिच्याशीं केलें कीं माझ्याशीं?"

"ती शर्यतींत पळते."

"मी काय बसून आहें? देवळाच्या तापल्या दगडांवरून प्रदक्षिणा कोण घालतें, ती घोडी?"

राघोत्तमरावांनी पेपराचं पान उलटलं. राघोत्तमराव मद्रासला गिंडीच्या रेसकोर्सजवळ, एका मिलवाल्या चेट्टियारांच्या तबेल्यात कोठीवर कारकून होते. चंदी, पेंढा, तेल, औषधं, सगळं त्यांच्या किल्लीखाली. पगार बेताचा, पण तबेल्यामागे राहायला दोन खोल्या होत्या. नोकरी गेली असती तर छप्परही गेलं असतं. म्हणून ते जपून वागत. आयुष्यात त्यांनी कुणाची सुतळीसुद्धा उचलली नव्हती.

पण पुरुषाने किती ऐकून घ्यावं? दुसऱ्या दिवशी त्यांनी मलमाच्या मोठ्या डब्यातून थोडंसं मलम काढलं, केळीच्या पानात बांधलं आणि घरी नेलं.

हे मलम साधं नव्हतं. तबेल्याचे ट्रेनर हंबीरराव ते स्वतः कढवत. हंबीरराव मूळचे साताऱ्याकडचे, घोडदळातून निवृत्त झालेले. मेण, एरंडेल, कडुनिंबाचं तेल, कापूर आणि आणखी काहीतरी, जे ते सगळ्यांना बाहेर घालवल्याशिवाय टाकत नसत. "घोडा पायावर उभा असतो," असं ते रोज सांगत. यात नवीन काय होतं देव जाणे, पण ऐकणाऱ्याने मान डोलवावी लागे.

महालक्ष्मीकडच्या कोलूच्या दिवशी तिने कनकाबाईंचा पाय हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि हळदीची वाटी तशीच धरून बसली.

"काय लाविलेंस गे?"

"आमच्या माहेरचें औषध," कनकाबाई म्हणाल्या आणि दुसरा पाय पुढे केला.

त्या बायकांत हंबीररावांच्या पत्नी सईबाईही होत्या. "वहिनी, मलाही द्या ना थोडं," त्या म्हणाल्या. "माझ्या टाचांना तर साडी अडकते. घरात कुणाला काय त्याचं!" आता साहेबांच्या बायकोला नाही कसं म्हणणार? आणि तिला दिलं, तर महालक्ष्मीला का नाही? महालक्ष्मीला दिलं, तर तिच्या नणंदेला? बघता बघता केळीच्या पानाच्या जागी पितळी डबा आला, आणि राघोत्तमराव जेवणाच्या डब्याबरोबर तोही नेऊ-आणू लागले.

इथवर चोरीच होती. पुढचा घोळ झाला तो कनकाबाईंच्या पापभीरूपणामुळे.

"मुक्या जनावराचें फुकट घेऊं नये," त्या म्हणाल्या. "ही हळद आणिक तिळाचें तेल. माझी आई पायांस हेंच लावी. जितकें घ्याल तितकें तबेल्याच्या डब्यांत घाला. हिशेब बरोबर."

"पण हें लावून तुझ्या भेगा गेल्या नव्हत्या!"

"घोडीस कोठें भेगा आहेत?"

हा युक्तिवाद राघोत्तमरावांना पटला, कारण त्यामुळे डबा भरलेला दिसणार होता. ते रोज मलम काढत, हळदीचं तेल ओतत आणि लाकडाने ढवळत. नवरात्र संपलं, दिवाळी झाली. डबा काठोकाठ भरलेला राहिला, फक्त त्यात हंबीररावांचं मलम जवळजवळ उरलं नाही.

लेडी कावेरी ही तबेल्यातली तांबूस घोडी. शर्यतीत शेवटून दुसरी किंवा तिसरी येण्याबद्दल प्रसिद्ध. पण पायाने निर्दोष. रोज मलम लागे ते तिलाच, म्हणून नेमके तिचेच खूर मऊ पडू लागले. नालबंद सुब्बाने खिळा ठोकला की तो लोण्यात बसावा तसा बसे आणि तसाच निघून येई. एके दिवशी सकाळच्या दौडीत तिचा एक नाल उडाला. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

हंबीररावांनी तिचा पाय उचलून पाहिला. "सुब्बा, खूर पिवळे का दिसतात रे?"

"ऊन, दोरे," सुब्बा म्हणाला. मद्रासकडे साहेबाला दोरे म्हणतात, आणि ज्याचं कारण माहीत नाही त्याला ऊन म्हणतात.

हंबीरराव तडक कोठीत आले. त्यांनी डब्यात बोट घातलं, वास घेतला आणि भुवया वर केल्या.

"राघोत्तमराव, इथं कोण कोण येतं?"

"मी येतों."

"आणखी?"

"उंदीर येतात."

"उंदीर मलम खाऊन हळद ठेवून जातात?"

राघोत्तमरावांच्या धोतराला घाम फुटला. "मद्रासचे उंदीर, साहेब. कांहीं सांगवत नाहीं."

"बरं," हंबीरराव शांतपणे म्हणाले, आणि हे ओरडण्याहून वाईट होतं. "आधी शर्यत होऊ दे. मग त्या उंदराला शोधतो आणि बिऱ्हाडासकट फाटकाबाहेर काढतो."

घरी येऊन राघोत्तमरावांनी हे सांगितलं तेव्हा कनकाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "बिऱ्हाडासकट म्हणजे मीही आलें कीं त्यांत!" त्या म्हणाल्या आणि खरोखरच रडल्या. दोनच खोल्या असल्या तरी त्यांचं त्यांनी संसार करून घर केलं होतं.

इकडे खिळा धरेना, शर्यत पुढे ढकलता येईना. हंबीररावांनी उरलेले नाल काढायला लावले. मलम धुऊन टाकलं, खूर कोरडे होऊ दिले. सुब्बाने कानशीने कडा गोल केल्या. घोडीला रोज वाळूवर, मग कडक मातीवर चालवलं. पहिले दिवस ती पाहुण्या बाईसारखी बिचकत पाय टाकत होती, पुढे सरावली. "अनवाणीच पळेल," हंबीरराव म्हणाले. "माझी अब्रू जायची ती जाईल."

शर्यतीच्या दिवशी पॅडॉकमध्ये लोक हसले. "काय हो, घोडी अनवाणी? तिरुपतीला निघालीय का?" चेट्टियारांनी घोडीच्या पायांकडे पाहिलं, मग हंबीररावांकडे पाहिलं आणि तोंडातला विडा गिळला. राघोत्तमराव कठड्याला धरून उभे होते. खंडोबा, बृहदीश्वर, कपालीश्वर, जो आठवला त्या देवाला ते हाक मारत होते. एरवी त्यांना घोडी कितवी येते याच्याशी कर्तव्य नसे, पण आज ती शेवटची आली तर बिऱ्हाड फाटकाबाहेर, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं.

लेडी कावेरी दुसरी आली! शेवटून नव्हे, पहिल्याकडून. चेट्टियारांनी तिला स्वतःच्या हाताने केळी भरवली आणि घाईत सालंही भरवली.  हंबीररावांनी टोपी मांडीवर आपटली.

"इतकी वर्षं मी मूर्खासारखा कढई ढवळत बसलो! हिला नाल नको होते आणि मलमही नको होतं. राघोत्तमराव, आजपासून मलम बंद. तो डबा फेकून द्या. आणि मरू दे तो उंदीर!"

राघोत्तमरावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता लोटांगण घालावं. वाटेत त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला. घर दिसताच ते जवळजवळ पळत सुटले आणि दारातूनच ओरडले, "कनका, सुटलों! साहेबांनीं खुरांचें मलम बंद केलें! आतां डबा न्यायला नको, आणायला नको!"

आत शुक्रवारचं हळदीकुंकू चाललं होतं. महालक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती. मध्ये पितळी डबा उघडा होता. आणि सईबाईंचा पाय कनकाबाईंच्या हातात होता.

 सईबाईंनी डबा उचलला, नाकाशी नेला.

"मला वास ओळखीचा वाटतच होता," त्या सावकाश म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून घरात हाच वास आहे. त्यांच्या कपड्यांना येतो." त्यांनी डबा खाली ठेवला, पदर सारखा केला, चपला घातल्या आणि निघून गेल्या.

"संपलें," राघोत्तमराव म्हणाले. कनकाबाईंनी बिऱ्हाड हलवायच्या तयारीने पेटीतल्या कोलूच्या बाहुल्या जुन्या साड्यांत गुंडाळायला घेतल्या. गजरा तसाच उंबऱ्यावर पडून राहिला.

सकाळी हंबीरराव कोठीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. राघोत्तमरावांनी किल्ल्यांचा जुडगा काढून मेजावर ठेवला.

"मीच उंदीर, साहेब."

"ठाऊक आहे. ठेवा त्या किल्ल्या खिशात." हंबीरराव पोत्यावर बसले.  "काल घरी गेलो. घोडी दुसरी आली म्हणून सांगणार होतो. बायकोनं पाय पुढे केले. म्हणाली, जन्मभर घोड्यांचे पाय उचलून बघितलेत, एकदा माझे बघा. बघितले. चांगले झालेत हो. पण आधी कसे होते, ते मला आठवेना."

 राघोत्तमरावांनाही कनकाबाईंच्या टाचा महालक्ष्मीने दाखवल्यावरच दिसल्या होत्या.

"आज संध्याकाळी कढई चढवतो. डबा पुन्हा भरायचा. घोडीसाठी नाही. आणि वहिनींना सांगा, त्यात हळद घालू नका."

"होय साहेब."

"आणखी एक." हंबीररावांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि मोठ्या कष्टाने दोन्ही बूट ओढून काढले. "तिनं काल माझेही बघितले."

राघोत्तमरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "अय्यो!" निघून गेलं. महालक्ष्मीने हा पाय पाहिला असता तर तिला तळं आठवलं नसतं, सबंध रामनाडचा दुष्काळ आठवला असता.

"हे लावतात कसं, किती जाड, मला माहीत नाही," हंबीरराव म्हणाले. "मी फक्त करतो. सुब्बाला बोलवा."

सुब्बा आला. त्याने आयुष्यात एकाच पद्धतीने पाय हाताळला होता. तो साहेबांकडे पाठ करून उभा राहिला, वाकला, त्यांचा पाय मागून उचलून आपल्या दोन गुडघ्यांत पक्का धरला. हंबीरराव पोत्यावर मागे कलंडले. सुब्बाने टाचेवरून अंगठा फिरवला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकून पाहिलं आणि मान हलवली.

"दोरे," मागे न बघता तो म्हणाला, "इथं खिळा धरायचा नाही. यालाही अनवाणीच पळवू या."